नदीला व्यक्ती ठरवण्याआधी तिचे डोह लिहून काढा

प्रश्न असा आला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळून काही वर्षे झाली आहेत. गावाच्या शिवेवरून नदी वाहते. उन्हाळ्यात रात्री रेतीचे ट्रॅक्टर पात्रात उतरतात आणि बाहेरून आलेले लोक डोहांत औषध टाकून मासे मारतात. न्यूझीलंडमधील एका नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा, म्हणजे माणसासारखे स्वतःच्या नावे हक्क, मिळाल्याचे गावातल्या शिकणाऱ्या मुलांनी वाचले. ग्रामसभेने ठराव करून आपल्या नदीलाही तसा दर्जा द्यावा काय, आणि दिल्यास रेती व विष थांबेल काय, असे त्यांनी विचारले आहे.

पूर्व विदर्भात ग्रामसभांचे दावे तयार करणे आणि दावे मंजूर झाल्यावर त्यांचे व्यवस्थापन आराखडे लिहून देणे हे काम मी वीसेक वर्षे करीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून एवढे सांगतो की ठराव जरूर करावा, पण त्यात ‘व्यक्ती’ हा शब्द अगदी शेवटी यावा, किंवा आला नाही तरी बिघडत नाही. तुमचे गाव त्या नदीवर कसे जगते हे त्या ठरावात आधी यायला हवे, तेही तहसीलदाराला, वनरक्षकाला आणि रेतीच्या ठेकेदाराला नाकारता येणार नाही अशा तपशिलाने. न्यूझीलंडच्या ज्या उदाहरणाने तुम्हाला उमेद दिली, ते नीट वाचले तर हीच गोष्ट सांगते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ती नदी म्हणजे व्हांगानुई. टोंगारिरो पर्वताच्या उतारावर उगम पावून सुमारे २९० किलोमीटर वाहत ती समुद्राला मिळते. तिच्या काठच्या माओरी लोकांमध्ये, म्हणजे त्या देशाच्या मूळ रहिवाशांमध्ये, एक वचन आहे, त्याचा अर्थ ‘मी नदी आहे, नदी म्हणजे मी’ असा होतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी हे वचन उचलले आणि २०१७ चा कायदा सांगितला, पण मधली जवळजवळ दीडशे वर्षे गाळली. माओरी लोक एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीपासून त्या देशाच्या संसदेकडे अर्ज करीत होते. त्यांच्या सुरुवातीच्या तक्रारींपैकी एक अगदी साधी होती. आगबोटींना वाट करून देण्यासाठी नदीतल्या खळाळत्या उतारांची मोडतोड करण्यात आली आणि त्या मोडतोडीत त्यांचे वाम पकडण्याचे लाकडी बांध उखडले गेले. हे बांध म्हणजे नदीच्या प्रवाहात खांब रोवून केलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकेका कुळाच्या ताब्यात असलेली मासेमारीची ठिकाणे होती. पुढे १९०३ मध्ये एका कायदादुरुस्तीने नौकानयनयोग्य नद्यांचे तळ सरकारजमा झाले. नदीच्या तळाच्या मालकीचा खटला १९३८ मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये तो माओरींच्या विरोधात संपला. त्यानंतर वीजप्रकल्पासाठी नदीच्या वरच्या अंगाचे पाणी वळवण्यात आले. माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणापुढे १९९० मध्ये दावा दाखल झाला, त्याचा अहवाल १९९९ मध्ये आला, २०१४ मध्ये तडजोडीच्या करारावर सह्या झाल्या आणि २०१७ च्या मार्चमध्ये संसदेने कायदा केला.

न्यायाधिकरणापुढे माओरींच्या हाती काय होते, हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांच्याजवळ नदीवरच्या ठिकाणांची नावे होती, कोणता बांध कोणत्या कुळाचा याची स्मृती होती, प्रत्येक वळणाला कोणता रक्षक आत्मा राहतो याची कथा होती, आणि प्रत्येक पिढीने केलेले लेखी अर्ज होते. नदीशी असलेले नाते त्यांनी ठिकाणाठिकाणाने दाखवले. कायद्याने मग त्या नदीला पर्वतापासून समुद्रापर्यंत एक अखंड सजीव अस्तित्व मानले, नदीचा जो तळ सरकारच्या मालकीचा होता तो नदीच्याच नावे केला, आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन माणसे नेमली, एक सरकारने सुचवलेला आणि एक माओरींनी सुचवलेला. तडजोडीपोटी ८ कोटी डॉलर आणि नदीच्या आरोग्याच्या निधीसाठी आणखी ३ कोटी डॉलर त्यांच्या सरकारने दिले. मात्र नदीच्या पाण्याची मालकी त्या कायद्याने कोणालाही दिली नाही आणि आधीपासून चालत आलेले परवाने त्याने मोडले नाहीत. वीजप्रकल्पाचे पाणी नदी व्यक्ती झाली म्हणून आपोआप परतले नाही. मुलांना हे अवश्य सांगा, निराश करण्यासाठी नव्हे, तर त्या कायद्याची खरी ताकद कुठे आहे ते त्यांना दिसावे म्हणून.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला, आणि योगायोगाने त्याच महिन्यात. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले आणि सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले. नदी अनेक राज्यांतून वाहते, पुराने कोणाचे नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यायची, असे प्रश्न घेऊन राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१७ मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. व्हांगानुईच्या बाबतीत नदीवर जगणारे लोक दावेदार होते आणि व्यक्तित्व हे त्यांच्या दाव्याचे उत्तर होते. इथे व्यक्तित्व वरून आले आणि पालकही वरचेच होते. तुमच्या ग्रामसभेने एका ओळीचा ठराव करून नदीला व्यक्ती म्हटले, तर त्या ठरावाला कायद्याचा कोणताही आधार राहणार नाही आणि रात्री पात्रात उतरलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाला त्याचे काही वाटणारही नाही.

आता तुमच्या हातात आज काय आहे ते पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क कलम ३ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, आणि जुन्या जमीनदारीतले निस्तार हक्कही, म्हणजे घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर करण्याचे हक्कही, त्याच कलमात आहेत. गडचिरोलीचा मोठा भाग जमीनदारीचा होता, त्यामुळे तुम्हाला हा दुसरा हक्कही लागू पडण्याची शक्यता आहे. कलम ५ ग्रामसभेला इतर गोष्टींबरोबर या तीन गोष्टींचा अधिकार देते: लगतचे पाणलोट आणि जलस्रोत सुरक्षित राखणे, आपला अधिवास सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या कृत्यांपासून वाचवणे, आणि वन्यजीव, जंगल व जैवविविधता यांना हानी करणारी कामे थांबवण्याचे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील हे पाहणे. हे शेवटचे वाक्य मी ग्रामसभांना पाठ करायला सांगतो. डोहात विष टाकणाऱ्याला अडवताना तुमच्याजवळ जे सर्वांत भक्कम आहे ते हे वाक्य आहे.

त्या कायद्याखालचा पुराव्यांबद्दलचा नियम १३ तर नदीकाठच्या गावांसाठीच लिहिला आहे काय असे वाटते. सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून त्यात मासेमारीची ठिकाणे, माणसांच्या व जनावरांच्या पाण्याची ठिकाणे, पवित्र वृक्ष, देवराया, तळी आणि नदीकाठचे भाग, दफनाच्या व दहनाच्या जागा हे सगळे येते. गावातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे लिहून घेतले तर तेही पुरावा आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरावरच्या धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. देवाचे ठिकाण हा कायद्याच्या भाषेत पुरावा ठरतो, हे त्यानंतर तरी कोणी नाकारू नये.

इथे मी माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याही दाव्यात असण्याचा संभव मोठा आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही ज्या गावांचे दावे भरले, त्यांत आमचे सगळे लक्ष बांबू, तेंदूपाने, मोहफूल आणि चारोळी यांच्यावर होते, कारण पैसा तिथे होता आणि वादही तिथेच होता. एका गावाच्या अर्जात माशांचा रकाना कोराच राहिला. गाव बारा महिने नदीतले मासे खात होते, पण खाणे हा हक्क आहे हे ना त्यांना सुचले ना मला. चार वर्षांनी एक मासेमारीचा ठेकेदार कागद घेऊन डोहावर आला, तेव्हा एका अधिकाऱ्याने आमचे वनहक्काचे अधिकारपत्र उलटून पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘यात मासे कुठे आहेत?’ उत्तर नव्हते. त्या हक्काचा नवा दावा करावा लागला आणि मधला काळ गाव आपल्याच डोहावर चोरासारखे जात होते. म्हणून पहिले काम हे की आपले अधिकारपत्र काढून वाचा, आणि मासे, नदी, पाणवठा यांपैकी काही सुटले असेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन वनहक्क समितीमार्फत त्या हक्काचा दावा आताच करा.

दुसरे काम नकाशाचे आहे, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी राहून जाते. सामूहिक वनसंसाधनाचा हक्क वनजमिनीवर मिळतो. नदी वनकक्षाच्या, म्हणजे वनविभागाने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, आतून वाहत असेल तर तिचे पात्र त्या वनजमिनीत येते. पण पुष्कळदा कक्षाची हद्द नदीच्या काठाशी संपते आणि पात्र महसुली नकाशात वेगळे ‘नदी’ म्हणून पडलेले असते. जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार असे पात्र शासनाचे. या दोन्ही परिस्थितींत तुमचे बोलणे वेगळे राहील, त्यामुळे वनविभागाचा कक्षनकाशा आणि भूमी अभिलेखचा गावनकाशा शेजारी शेजारी ठेवून नदी कोणत्या ठिकाणी कोणाच्या खात्यात आहे हे आधी ठरवा. पात्र महसुलात असले तरी माशांचा हक्क आणि लगतचा जलस्रोत राखण्याचा अधिकार संपत नाही. मात्र दरवेळी कोणत्या कार्यालयाचे दार वाजवायचे ते बदलते.

तिसरे काम मला सर्वांत आवडते, आणि त्याला निदान चार संध्याकाळी द्याव्यात. नदीचा लोकनकाशा करा, पण पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा. एका गावात आम्ही शाळेच्या पटांगणात रांगोळी आणि मोहाच्या बिया घेऊन बसलो होतो. पुरुषांनी तासाभरात नदी काढली. गावाच्या हद्दीत तिला सात डोह होते, आणि प्रत्येकाला नाव होते. कोणता म्हैस बुडाल्यामुळे पडलेल्या नावाचा, कोणता काठच्या अर्जुनाच्या झाडाचा, आणि एक असा की त्याचे नाव घेताना एका म्हाताऱ्याने आवाज खाली केला, कारण कुळाच्या देवांना तिथे न्हाऊ घालतात आणि तिथे जाळे टाकीत नाहीत. बायकांनी काढलेल्या नदीत डोह तीनच होते, पण पात्राच्या मधोमध त्यांनी अकरा ठिकाणी मोहाच्या बिया ठेवल्या. ते झिरे होते. एप्रिल-मेमध्ये वरून वाहणारे पाणी आटले की पात्रातली रेती हाताने उकरून जे पाणी काढतात आणि गाळणीसारखे स्वच्छ येते म्हणून प्यायला नेतात, ते हे. पुरुषांच्या नकाशात त्यातला एकही नव्हता. आणि रेतीचा लिलाव व्हायचा होता तो नेमका त्या अकरांपैकी सहा झिऱ्यांच्या पट्ट्यात.

हा नकाशा कागदावर उतरवून प्रत्येक ठिकाणाचे नाव गोंडीत किंवा माडियात जसे म्हणतात तसेच लिहा, मराठीत भाषांतर करू नका. गोंडीत माशाला ‘मीन’ म्हणतात, तेव्हा राशीतला मीन लोकांना परका नाही, असे मी गमतीने म्हणतो. पण ठिकाणांच्या नावांबाबत गंमत चालत नाही, कारण जुन्या कागदात किंवा शेजारच्या गावाच्या तोंडी तेच नाव सापडले की तो पुराव्याचा दुवा बनतो. प्रत्येक डोहासमोर तिथे कोणते मासे मिळतात, मरळ, वाम, झिंगे, खेकडे जे असेल ते, कोणत्या महिन्यात कशाने पकडतात, उन्हाळ्यात पाणी किती पुरुष खोल राहते आणि कोणाला जाण्यास मनाई आहे हे लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोकजैवविविधता नोंदवही असेल तर हाच मजकूर तिच्यातही घाला. त्यानंतर चार वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. माओरींच्या हाती जे होते ते तुमच्याही हाती येते ते या कागदाने.

आता विषाबद्दल. गावातलेच काही लोक तुम्हाला सांगतील की आपले आजेही औषध टाकून मासे मारीत होते, मग आताच बंदी का. हा प्रश्न खोटा नाही आणि त्याला झिडकारू नये. गेळफळासारखी वनस्पती कुटून साचलेल्या लहानशा पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात. हे वर्षातून ठराविक वेळी, आटत चाललेल्या डबक्यात, गाव मिळून होत असे, आणि पाऊस येताच त्याचा अंश धुऊन जात असे. आज शेतावर फवारायचे कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर वाहत्या डोहात पडते, नाहीतर तारेने करंट सोडला जातो. यात अंगठ्याएवढे पिल्लू, बेडूक, झिंगे, पाणकिडे काहीच उरत नाही, आणि उन्हाळ्यात डोहाचा नाश म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या बीजाचा नाश असतो. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला नाल्यांतून वर, थेट धानाच्या बांध्यांपर्यंत चढतात. ते चढणारे मासे उन्हाळाभर त्या दोनचार खोल डोहांतच जीव धरून असतात. पुरुषांना हे सगळे माहीत असते. तरी ग्रामसभेत कोणीतरी ते मोठ्याने बोलून दाखवावे लागते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण तुमच्यापासून दूर नाही. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात जंगल बचाव, मानव बचाव चळवळ उभी राहिली, ती धरणे झाली नाहीत, आणि त्या मंथनातून या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही भूमिका घेतली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. बांबूच्या लढ्यामुळे त्याचे नाव झाले, पण कठाणी नदीत विष टाकून मासे मारणे गावाने थांबवले ही गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. तिथे आधी अभ्यासगटात चर्चा होते, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो, आणि सर्वसहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. ज्या घरचा मुलगा विष टाकताना सापडण्याची शक्यता आहे, ते घरही त्या चर्चेत बसलेले असते. नुसत्या दंडाच्या पाटीने हे साधत नाही.

तेव्हा तुमच्या नियमात विष, करंट आणि स्फोटके यांना बारमाही व संपूर्ण बंदी असावी (१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून विष आणि स्फोटके हा गुन्हाच आहे), दोन डोह कायमचे राखीव असावेत, आणि पुराच्या पहिल्या आठवड्यांत नाल्याच्या तोंडाशी पूर्ण आडवे जाळे लावू नये. राखीव डोह कोणते, हे तज्ज्ञाने ठरवायचे नाही. बहुधा ते आधीच ठरलेले असते. ज्या डोहाचे नाव घेताना म्हातारा आवाज खाली करतो तो एक. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे देवळाजवळच्या डोहातले मासे लोक पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले आहेत, आणि महाशीरसारखा संकटात सापडलेला मासा तिथे टिकून आहे.

रेतीची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिच्यात पैसा अधिक आहे. तुमचे गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी म्हणून घोषित केलेल्या, क्षेत्रात आहे काय ते प्रथम पाहा. गडचिरोली जिल्हा सगळा त्यात येत नाही. असेल, तर अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार रेतीसारख्या गौण खनिजाचा परवाना किंवा लिलाव यांच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते, आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम ग्रामसभेला स्वतंत्र स्थान देतात. फसगत इथेच होते. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतला ठराव ग्रामसभेची शिफारस म्हणून फाइलीला लावला जातो, किंवा घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या जातात. यावर उपाय एकच आहे, तुमचा ठराव त्यांच्या आधी पोचला पाहिजे. त्यात सभेची तारीख, हजर स्त्रिया व पुरुष यांची संख्या, झिऱ्यांचा व डोहांचा नकाशा आणि नकाराची कारणे लिहा. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी यांना प्रत देऊन पोच घ्या. तुमची वस्ती, म्हणजे टोला, मोठ्या गावापासून दूर असेल आणि मोठे गावच लिलावाच्या बाजूने असेल, तर टोल्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट त्याच नियमांत आहे.

कारणे लिहिताना ‘पर्यावरणाचा ऱ्हास होतो’ असे मोघम वाक्य लिहू नका, ते वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि कोणीही वाचत नाही. आपल्या भागात पात्राखाली कातळ आहे. त्या कातळावरची रेती स्पंजासारखी पावसाचे पाणी धरते आणि हिवाळा-उन्हाळाभर ते खालच्या डोहाला झिरपत सोडते. रेती कातळापर्यंत उपसली की झिरा आटतो, काठच्या विहिरींची पातळी उतरते, डोह एप्रिलातच उथळ होतो आणि काठ ढासळून शेत नदीत जाते. हे मोजून दाखवा. एप्रिल आणि मे महिन्यात दर आठवड्याला ठराविक झिऱ्यात किती हात खणल्यावर पाणी लागले ते वहीत लिहिणारी दोन मुले नेमली, तर दोन उन्हाळ्यांत तुमच्याजवळ असा पुरावा होतो जो कोणत्याही कार्यालयात नाही.

सरसकट बंदीचा आग्रह मात्र धरू नये असे माझे मत आहे. गावात घरकुले मंजूर झालेली असतात आणि त्यांना रेती लागते. ग्रामसभेने एक जागा नेमून द्यावी, जिथे दर पुरात नवी रेती येऊन साचते आणि आसपास झिरा नाही. तिथून बैलगाडीने किंवा दिवसाढवळ्या ट्रॅक्टरने, ग्रामसभेच्या नोंदीसह, घरामागे ठराविक ब्रास न्यावी, आणि त्यासाठी महसूल खात्याची परवानगी रीतसर घ्यावी. ज्या गावाने स्वतःच्या लोकांची गरज भागवली नाही, तिथे रात्रीच्या ट्रॅक्टरचा चालक गावातलाच निघतो. हे मी तीन ठिकाणी पाहिले आहे. रात्रीचा ट्रॅक्टर अडवताना सगळे गाव मिळून जावे, हात उचलू नये, गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहावी, छायाचित्र घ्यावे आणि पंचनाम्यासाठी महसूल व पोलीस यांना लगेच कळवावे. अवैध उत्खननावर दंड आणि वाहनजप्ती जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली होते, आणि ती अधिकाऱ्याने करायची असते, गावाने नाही.

एका बाबतीत सावध करतो. तुमच्या पत्रात ‘बाहेरचे लोक’ असा शब्द आहे. त्यात विष टाकणारे येतात हे ठीक, पण पिढीजात मासेमारी करणारे ढिवरही येतात काय? ढिवर समाज अनुसूचित जमातीत नाही, तरी त्याचे नदीशी नाते तुमच्याइतकेच जुने असू शकते, आणि तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा वास व वनावरची उपजीविका सिद्ध झाल्यास इतर पारंपरिक वननिवासी म्हणून वनहक्क कायद्यात त्यालाही जागा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर महिलांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांतली बेशरम ही माजलेली झुडपे उपटून काढून देशी पाणवनस्पती लावल्या आणि त्यामुळे देशी मासे परतले. पाण्याचे ज्ञान त्यांच्याजवळ किती आहे हे तिथे दिसते. जाळे फेकणाऱ्या ढिवराला आणि विष टाकणाऱ्या टोळीला एका नियमाने हाकलले, तर तुमचा नियम कागदावर टिकणार नाही आणि नदीवरचा एक जाणता राखणदारही जाईल. डोह वाटून घेतलेली, मोसम ठरवून घेतलेली दोन गावे मी पाहिली आहेत. दोन्हीकडे भांडण झाले, बैठका झाल्या, आणि शेवटी जमले.

राहिला वरच्या आणि खालच्या गावांचा प्रश्न. तुमच्या डोहांच्या वर कोणी विष टाकले तर मेलेले मासे तुमच्याकडेच वाहत येतात, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते तेव्हा त्यावर एका ग्रामसभेचा ठराव अपुरा पडतो. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, तशी तुमच्या नदीच्या वरच्या व खालच्या पाच-सहा गावांची बैठक आधी घ्या आणि एकाच मसुद्याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने स्वतंत्रपणे करा. मुलांना नदीला व्यक्ती म्हणायचे असेल तर ते वाक्य या सामाईक ठरावाच्या सुरुवातीच्या निवेदनात घाला, तुमच्या भाषेतल्या शब्दांत. त्याने हरकत काहीच होत नाही आणि वाचणाऱ्याला तुम्ही नदीकडे कसे पाहता ते कळते. अंमल मात्र खालच्या कलमांचा होईल.

पहिली बैठक मे महिन्यात, सकाळी, पात्रातच घ्या. त्या वेळी झिरे उघडे असतात, डोहांची खोली बांबूने मोजता येते आणि आदल्या रात्रीच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या रेतीत ताज्या दिसतात. वनरक्षक आणि तलाठी यांना लेखी बोलावणे पाठवा. ते आले तर त्यांच्या समोरच मोजमाप होईल. न आल्यास बोलावण्याची पोच ठरावाला जोडा. बायकांना आधी बोलू द्या. अधिकारपत्राची प्रत आणि दोन्ही नकाशे मला पाठवलेत तर दाव्याचा मसुदा जूनच्या आत करून देता येईल, कारण पाऊस लागल्यावर पुढचे चार महिने नदी कोणाला मोजू देत नाही.